तिसऱ्यांदा विचारल्यावर

१९ मे, रविवार

आज आरशासमोर उभं राहून अमेरिकेचं राष्ट्राध्यक्षपद चार वेळा नाकारलं. चौथ्यांदा जरा बरं जमलं. आधीच्या तिन्ही वेळा चेहरा असा होता की कुणी पद देतंय म्हणून नव्हे, दात उपटतंय म्हणून नको म्हणतोय.

इनेझ केव्हा दारात येऊन उभी राहिली कळलंच नाही.

"लोवेल, कुणाला नको म्हणतोयस?"

"देशाला."

"बरं. देशाला नको म्हणून झालं की कचऱ्याचा डबा बाहेर ठेव."

माझी बायको निवृत्त होईपर्यंत काऊंटीच्या आपत्कालीन फोनवर बसायची. कुणाचं घर पेटलंय, कुणाच्या नवऱ्याच्या घशात हाड अडकलंय, असल्या माणसांशी तिचा रोजचा व्यवहार. आपला नवरा आरशात बघून डोळ्यांना रुमाल लावतोय, एवढ्यानं ती हलायची नाही.

पण सरावाशिवाय भागणार नाही. आमचा कर्तव्य पक्ष इतर पक्षांसारखा नाही. (म्हणूनच इतर पक्षांना पडतात तशी मतंही आम्हाला पडत नाहीत.) आमचा संस्थापक एलायजा ओल्स्टेड हा कॅन्ससमधला गिरणीवाला. लोकांनी त्याला राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहा म्हणून गळ घातली. त्यानं दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा विचारायला गेले तर हा पिठाच्या पोत्यांमागे जाऊन बसलेला. तिथून त्याला पांढराफटक अवस्थेत उचलून आणला आणि उमेदवार केला. निवडणुकीत तो सपाटून आपटला, पण पक्षाला तत्त्व मिळालं: जो खुर्ची मागतो तो खुर्चीला नालायक.

त्यातून पद्धत पडली. अधिवेशनात नाव पुकारलं की दोनदा नाकारायचं. पहिल्यांदा, "मी यास पात्र नाही." दुसऱ्यांदा, "माझ्याहून योग्य माणसं या सभागृहात आहेत." तिसऱ्यांदा विचारलं की मान खाली घालून, "तुमचा आग्रह मोडवत नाही." मिसूरीचा एक गृहस्थ मागे एकदा पहिल्याच फटक्यात "हो, आनंदानं" म्हणाला होता. अजून त्याचं नाव घेताना लोक आवाज खाली आणतात.

आता इथे दुसरं कुणी वाचत नाही म्हणून लिहून टाकतो. मला उमेदवारी हवी आहे. भयंकर हवी आहे. राष्ट्राध्यक्ष वगैरे व्हायचं नाही, तेवढा वेडा मी नाही. मला फक्त मतपत्रिकेवर 'टिबेट्स' हे नाव छापलेलं बघायचंय. आजवर ते छापून आलं ते आमच्या गावच्या, झेन्सव्हिलच्या पेपरात, गाद्यांच्या सेलच्या जाहिरातीत. आयुष्यभर लोकांना आडवं पाडून गाद्या विकल्या. एकदा तरी आपण उभं राहावं असं वाटतं. पुढचं अधिवेशन येईपर्यंत मी सत्तर वर्षांचा असेन, तेव्हा यंदा नाही तर कधीच नाही.

१ जून, शनिवार

आमच्यात स्वतःसाठी मत मागणं म्हणजे पाप. आपलं नाव सुचवा असं कुणाला सांगणंही पाप. त्यामुळे मी आयोवाच्या व्हर्ननला फोन करून काहीच मागितलं नाही. फक्त त्याच्या मानेची चौकशी केली. मान दुखते म्हणाला. मी एक उत्तम उशी पाठवली, डोक्याचा आकार लक्षात ठेवणारी. आज त्याचा फोन आला.

"लोवेल, काय उशी आहे रे! तुझ्यासाठी काय करू सांग."

"छे छे, काही नको," मी म्हणालो, आणि पुढे जरा वेळ श्वास घेत गप्प राहिलो.

"समजलं," व्हर्नन म्हणाला. "सलायनाच्या अधिवेशनात मीच उभा राहून नाव सुचवतो."

मी दोनदा नको म्हणालो. मग त्याचा आग्रह मोडवला नाही.

राहता राहिला डॉक. डॉक बँक्स्टन, नेब्रास्काचा, गुरांचा डॉक्टर. मागच्या चारही वेळा उमेदवारी त्यालाच. माणूस भला आहे, पण नाकारतो असं की अंगावर काटा येतो. मागच्या वेळी दुसऱ्या नकाराला त्याचा आवाज फुटला होता आणि मिनेसोटाच्या दोन बायका हुंदके देत बाहेर गेल्या होत्या. त्याच्यापुढे माझा नकार म्हणजे दुकानात "हा रंग संपलाय" सांगावं तसा.

इनेझही यंदा येतेय. ओहायोतून निदान दोन प्रतिनिधी लागतात आणि दुसरा कुणी मिळाला नाही. "मला काय करावं लागेल?" तिनं विचारलं. "बसायचं आणि हात वर करायचा," मी सांगितलं. तिनं विणकाम सोबत घेतलंय.

१३ जून, गुरुवार, सलायना, कॅन्सस

पोचलो. हॉटेलचं नाव प्रेअरी रोज. गुलाब नाही, वारा मात्र असा की पार्किंगमधून येताना माझी टोपी मला सोडून पुढच्या काऊंटीत गेली.

आम्ही चाळीसच्या आसपास जमलोय. सरासरी वय सांगत नाही, लिफ्टपाशी रांग लागते एवढं पुरे. मोठा हॉल आम्हाला मिळेल असं ठरलं होतं, पण तो स्क्वेअर डान्स नाचणाऱ्यांनी घेतलाय. मधे नुसता सरकता पडदा. पलीकडे फुगीर झालरीचे झगे घातलेल्या आज्या आणि नाचताना पुढची चाल ओरडून सांगणारा त्यांचा तो माणूस. दिवंगत सदस्यांसाठी आम्ही स्तब्ध उभे राहिलो, आणि पडद्यापलीकडून तो खणखणीत ओरडला, "आता जोडीदार बदला!"

अध्यक्षस्थानी नेहमीप्रमाणे मिसेस ओल्स्टेड. संस्थापकाची नात, ब्याऐंशी वर्षांची, हातोडा आजोबांचा. त्यांच्यासमोर पहिल्याच तासात भांडण पेटलं. नेब्रास्काचा फलक आधी की कॅन्ससचा, यावर. आमच्यात प्रत्येकाला मागे बसायचं असतं, त्यामुळे पुढच्या रांगेत कोण यावर दर वेळी मारामारीची वेळ येते. "तुम्ही पुढे व्हा." "छे, तुम्ही!" करता करता एकानं दुसऱ्याची कॉलर धरली.

इनेझनं विणकाम खाली ठेवलं. आवाज चढवला नाही, त्या फोनवरच्या आवाजातच म्हणाली, "कुणाला लागलंय का? नाही? मग आधी सगळे श्वास घ्या. ज्यांना नीट ऐकू येत नाही ते पुढे, ज्यांना सारखं बाथरूमला जावं लागतं ते मागे."

दोन मिनिटांत सगळे बसले. पुढे कॅन्सस, मागे बहुतेक बाकीची सगळी राज्यं. मिसेस ओल्स्टेड चष्मा काढून तिच्याकडे बघत राहिल्या. मी जरा पुढे सरकून उभा राहिलो, ही माझी बायको आहे हे कळावं म्हणून. घरच्यांची शिस्त बघून माणसाची पारख होते.

माईक बंद पडला तोही तिनंच चालू केला. मलाच लाज वाटली. किती पुढे पुढे करायचं!

१४ जून, शुक्रवार

दिवस फार छान गेला. वारं माझ्या बाजूनं वाहतंय.

सकाळी नाश्त्याला मी वॉफल भाजायच्या यंत्रापाशी झुंजत होतो. (माझा वॉफल यंत्राला चिकटला. मागे रांग. शेवटी चमच्यानं खरवडून काढला आणि बश्यांच्या ढिगामागे लपवला.) वळून बघतो तर इनेझच्या टेबलावर डॉक बसलेला. रुमाल काढून डोळे पुसत होता, आणि ती त्याचा हात थोपटत होती.

सकाळी आठला सराव! आणि तोही माझ्याच बायकोवर!

डॉक गेल्यावर मी जाऊन बसलो. "काय म्हणत होते?"

"मार्जोरीला झटका आला रे हिवाळ्यात. उजवी बाजू गेली. हेच भरवतात तिला. दुसऱ्या कुणाच्या हातून खात नाही ती. मुलगी तीन दिवसांसाठी आलीय म्हणून आले. लोवेल, त्यांना या वेळी खरंच नकोय."

"इनेझ, इनेझ," मी हसलो, "तू नवीन आहेस गं. इथे प्रत्येकाला खरंच नको असतं. डॉक मुरलेला गडी आहे."

"मुरलेला काय? बायको आजारी आहे त्यांची."

"असेलही. पण बघ, ते तुलाच येऊन का सांगतायत? तू ओहायोची. ओहायोतून मी. मला ढिला पाडायचाय त्यांना."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग माझ्या कोटावरचा वॉफलचा तुकडा काढला. तिला पटलं असावं.

त्याहून मोठी बातमी दुपारची. मिसेस ओल्स्टेडनी इनेझला जेवायला आपल्या टेबलावर बोलावलं! एकटीला! मी थंड मांसाचं सँडविच घेऊन खांबाआड बसलो, जवळपास सगळं ऐकू येत होतं. "तुम्हाला राग येतो का कधी?" "रात्री-अपरात्री उठवलं तर चालतं का?" "खोटं बोलणाऱ्याशी कसं वागता?" उघड आहे, बायकोकडून माझी माहिती काढतायत. थेट मला विचारणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही. इनेझ सगळी उत्तरं स्वतःबद्दल देत होती, तेवढं सोडलं तर उत्तम चाललं होतं.

"काय गं, काय विचारत होत्या?" मी नंतर अगदी सहज विचारलं.

"असंच. बाई एकट्या असतात. गप्पा मारल्या."

बिचारी. तिच्या लक्षातही आलं नाही.

संध्याकाळी राज्यांची हजेरी झाली. इतर पक्षांत प्रत्येक राज्य उभं राहून बढाया मारतं, आमच्यात उलटं. "कॅन्सस, जिथे बघण्यासारखं फारसं काही नाही!" टाळ्या. "नेब्रास्का, जिथून लोक दुसरीकडे जायला निघतात!" टाळ्या. ओहायोचं मी म्हणालो, "ओहायो, ज्यानं देशाला बरेच राष्ट्राध्यक्ष दिले, आणि त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत!" सगळ्यांत मोठा हशा मला. मनात नुसत्या उकळ्या फुटत होत्या. चेहरा मात्र पडलेला ठेवला.

उद्या नावं पुकारतील. रुमाल इस्त्री करून ठेवलाय.

१५ जून, शनिवार

जे झालं ते जसं झालं तसं लिहितो. 

पहिलं नाव डॉकचं आलं. मिसेस ओल्स्टेडनी विचारलं, "डॉक्टर बँक्स्टन, आपण ही उमेदवारी स्वीकाराल का?"

डॉक उठला. "नाही. मी नाही करू शकत."

टाळ्या. पुढे कुजबूज, काय साधेपणा, ठरलेलं वाक्यसुद्धा म्हटलं नाही.

दुसऱ्यांदा विचारलं. "नाही हो. कृपा करा. दुसरं नाव घ्या."

जोरात टाळ्या. हा माणूस यंदा स्वतःचाच विक्रम मोडणार असं दिसत होतं.

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा आम्ही सगळे त्याची मान खाली जायची वाट बघत होतो. डॉकनं मान वरच ठेवली. म्हणाला, "माझी मार्जोरी घरी पडून आहे. सकाळ-संध्याकाळ मी भरवतो. मी नसलो की ती तोंड मिटून घेते. मला भाषणं करत फिरायचं नाहीये. मला घरी जायचंय."

काय सांगू! सगळा हॉल उभा राहिला. मिनेसोटाच्या त्या दोघी या वेळी बाहेरही जाऊ शकल्या नाहीत, तिथेच रडल्या. कुणीतरी ओरडलं, "पक्षाच्या इतिहासात असा नकार झाला नाही!" दुसरा म्हणाला, "मतदान कशाला? एकमुखानं करा!" डॉक दोन्ही हात हलवत "नको, नको, अहो ऐका" म्हणत होता आणि जितकं नको म्हणत होता तितक्या टाळ्या वाढत होत्या. आणि मी? मी तिथे उभा राहून मनातल्या मनात म्हणत होतो, ही आजारी बायकोची कल्पना आपल्याला का सुचली नाही? हे मी खरोखर मनात म्हणालो. माझी धडधाकट बायको शेजारीच उभी होती.

मिसेस ओल्स्टेडनी हातोडा उचलला.

"थांबा," इनेझ म्हणाली.

ती खुर्चीवर चढली होती. मी तिचा कोट ओढून खाली ये म्हणालो. तिनं माझा हात झटकला.

"सगळ्यांनी खाली बसा. डॉक, माझ्याकडे बघा. तुम्हाला उमेदवारी हवी आहे का? नुसतं हो किंवा नाही."

"नाही," डॉक म्हणाला. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"ऐकलं? माणूस नाही म्हणतोय. तीनदा म्हणाला, चौथ्यांदा म्हणाला. तुम्ही टाळ्या कसल्या वाजवताय? तो मदत मागतोय आणि तुम्ही त्याचा नकार कसा झाला ते बघताय. फोनवर बाई 'मला वाचवा' म्हणायची तेव्हा मी 'वा, काय आवाज लागलाय' म्हणत बसले असते तर?"

तेवढ्यात पडद्यापलीकडून, "डावीकडून गोल फिरा!"

"मला तुमचे नियम माहीत नाहीत," इनेझ म्हणाली. "ठराव मांडायचा असतो ना? मग हा माझा ठराव. आजपासून या सभेत नाही म्हणजे नाही, आणि हो म्हणजे हो."

कुणी अनुमोदन देईना. शंभरेक वर्षांचं तत्त्व होतं ते. सगळे मिसेस ओल्स्टेडकडे बघायला लागले. त्या हातोडा कुरवाळत होत्या.

"आजोबांना खरंच नको होतं हो," त्या म्हणाल्या. "आजी सांगायची आम्हाला. गंमत म्हणून लपले नव्हते ते गिरणीत. घाबरले होते. उचलून आणलं तेव्हा रडत होते. आणि पुढे जन्मभर लोक त्यांना सांगत राहिले, काय सुंदर नाही म्हणालात." त्यांनी चष्मा पुसला. "अध्यक्षांना अनुमोदन देता येत नाही. पण कुणीतरी द्या आता."

डॉकनंच दिलं. ठराव मंजूर झाला. मीही हात वर केला, कारण बायको खुर्चीवरून माझ्याकडे बघत होती, आणि कारण डॉक आता मोकळा झाला म्हणजे रस्ता साफ, हे माझ्या ध्यानात आलं होतं. डॉक नेब्रास्काला फोन लावायला बाहेर धावला. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी धावला!

"पुढचं नाव?" मिसेस ओल्स्टेडनी विचारलं.

व्हर्नन माझ्या उशीवर मान टाकून गाढ झोपला होता. आयोवाच्या फलकाआडून घोरणं येत होतं. मी खोकलो. पुन्हा खोकलो. शेवटी इनेझनंच जाऊन त्याला हलवला.

"लोवेल टिबेट्स, ओहायो!" व्हर्नन उठता उठता ओरडला. गालावर उशीच्या शिवणीची रेघ.

इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते आलं होतं. समोर दुसरं कुणी नव्हतं. मिसेस ओल्स्टेड माझ्याकडे वळल्या आणि अगदी प्रेमानं म्हणाल्या, "मिस्टर टिबेट्स, तुम्हाला उमेदवारी हवी आहे का?"

इनेझ माझ्याकडे बघून मान हलवत होती. म्हण, म्हण. तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. म्हणजे तिला सगळं माहीत होतं. मी कुणाला सांगितलं नव्हतं तरी माहीत होतं.

माझा हात आपोआप खिशात गेला. इस्त्रीचा रुमाल बाहेर आला. मान एका बाजूला कलली, महिनाभर आरशात कलत होती तशीच. आणि माझ्या तोंडातून अत्यंत सुरेख, भिजलेल्या आवाजात बाहेर पडलं, "मी यास पात्र नाही."

खाड! हातोडा.

"नोंद करा. नाही."

"अहो, थांबा थांबा! हे पहिलं आहे!"

"नाही म्हणजे नाही, मिस्टर टिबेट्स. तुमच्या पत्नीचाच ठराव. आणि तुम्ही हात वर केला होतात, मी बघितलं."

कपाळ माझं! चार वर्षांत एकदा येणारी संधी, आणि मी ती स्वतःच्या तोंडानं, रुमालासकट, घालवली. आणि वर तो माझा आजवरचा सर्वांत चांगला नकार होता.

"ते सवयीनं बोललेत," इनेझ पुढे येऊन म्हणाली. "परत विचारा त्यांना."

"एकदा अपवाद केला की संध्याकाळपर्यंत आपण पुन्हा गिरणीत," मिसेस ओल्स्टेड म्हणाल्या. आवाज मऊ होता, पण हातोडा खाली ठेवला नाही.

डॉक फोन करून परत आला होता. दारातूनच म्हणाला, "मी एक नाव सुचवतो. इनेझ टिबेट्स."

मला वाटलं लोक हसतील. कुणी हसलं नाही. उलट सगळे असे बघायला लागले, जणू हे त्यांना कालपासूनच ठाऊक होतं. मिसेस ओल्स्टेडना तर नक्कीच. खांबाआडून ऐकलेली ती सगळी प्रश्नोत्तरं मला आठवली.

"मिसेस टिबेट्स, तुम्हाला हवी आहे?"

इनेझ माझ्यापाशी आली. हळूच म्हणाली, "लोवेल, मी हो म्हणणार आहे. मला करावंसं वाटतंय. तुला काही म्हणायचंय?"

खूप काही म्हणायचं होतं. "नाही," मी म्हणालो.

ती वळली. "हो," म्हणाली. "मला आवडेल."

आवडेल! या सभागृहात हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. क्षणभर लोकांना काय करावं कळेना, नाही म्हटल्यावर टाळ्या वाजवायची सवय. मग पडद्यापलीकडे नाच संपला आणि तिकडच्या टाळ्या कडाडल्या. त्या ऐकून आमच्यांनीही वाजवल्या. मीही वाजवल्या. रुमाल हातात असल्यामुळे आवाज आला नाही.

१६ जून, रविवार

परतीचा प्रवास. गाडी इनेझ चालवतेय. मिसूरीतल्या एका हॉटेलात पीचचा केक खाल्ला, तिच्या वाटणीचाही. तिनं दोनदा विचारलं, "ठीक आहेस ना?" मी दोनदा "हो गं, मला काय झालंय" म्हणालो. तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही.

९ जुलै, मंगळवार

झेन्सव्हिलच्या पेपरवाली आली होती. पोर्चवर इनेझचे फोटो काढले. ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून माझ्या हातात छत्री दिली. छापून आलेल्या फोटोत डावीकडे एक कोपर आहे, ते माझं. इनेझ रोज दोन-तीन तास फोनवर असते. लोक तिला आपली रडगाणी सांगतात आणि ती ऐकून घेते. मध्येच पुढ्यात कॉफी ठेवली तर माझ्याकडे बघून हसते. आवाज पुन्हा पूर्वीचा झालाय तिचा, कामावर होती तेव्हाचा. निवृत्तीनंतर घरात माझी वाट बघत बसण्यात तो कधी हरवला होता मला कळलं नव्हतं. म्हणजे हे मला आत्ता लिहिता लिहिता कळलं. उद्या खोडेन कदाचित.

३ ऑक्टोबर, गुरुवार

आज मिसेस ओल्स्टेडकडून नमुन्याची मतपत्रिका आली, कोलोरॅडोची. ओहायोत आमचा पक्ष मतपत्रिकेवर नसतोच, तेव्हा बघायची ती एवढीच. इनेझ अंगणात पानं गोळा करत होती. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती उघडली.

वर मोठ्या पक्षांची नावं. मग आणखी लहानांची. मग अगदी खाली: इनेझ टिबेट्स, कर्तव्य पक्ष.

मी 'इनेझ'वर अंगठा ठेवला. राहिलं नुसतं 'टिबेट्स'. छान दिसत होतं. ठळक, सरळ. दुकानाच्या पाटीपेक्षा कितीतरी चांगलं. किती वेळ बघत होतो कुणास ठाऊक.

"अंगठा काढ. माझं नाव झाकलंयस."

मागे उभी होती. हातात दाताळं, केसांत एक पान. मला लहानपणी साखरेच्या डब्यात हात घालताना आई अशीच मागे येऊन उभी राहायची. अंगठा काढला. शाई नव्हती लागलेली, तरी पँटला पुसला.

ती समोर बसली. "अजून वाईट वाटतं का रे?"

"नाही."

"हे पहिलं 'नाही', दुसरं 'नाही', की खरं 'नाही'?"

रुमाल धुवायला टाकला होता, त्यामुळे हातांना काही काम नव्हतं. मी मतपत्रिकेची घडी घातली, परत उघडली.

"वाटतं," मी म्हणालो. "खूप वाटतं. मला फार हवं होतं गं."

"माहीत आहे."

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"तू देशाला नको म्हणत होतास तेव्हापासून." तिनं माझ्या हातावर हात ठेवला. मातीचा, गार. "सलायनात विचारलं तेव्हा एवढंच म्हणायचं होतंस, लोवेल. तेवढ्यासाठीच मी व्हर्ननला झोपेतून उठवलं होतं."

ती उठली, मतपत्रिका फ्रिजच्या दाराला लावली. वर लावलेलं चुंबक आमच्या दुकानाचंच होतं, 'टिबेट्स गाद्या, झोपा सुखानं'. म्हणजे नाव दोनदा झालं.

"पुढच्या आठवड्यात कोलोरॅडोतल्या पुएब्लोला सभा आहे," ती म्हणाली. "वीस-पंचवीस लोक येतील म्हणतात. फार लांबचा रस्ता आहे, शेजारी बसून बोलायला कुणीतरी हवं. नुसतं बसायचं, हात वर करायचा. येशील?"

"हो, आनंदानं," मी म्हणालो, आणि आवाज खाली आणला नाही.